साल कुणाची बघायची?

'वाइन जितकी जुनी तितकी चांगली' म्हणणाऱ्यांना एकदा तासगावच्या बेदाणा सौद्यात उभं करावं. तिथला व्यापारी मूठभर बेदाणा तळहातावर घेतो, रंग बघतो, वास घेतो, एक दाणा चावतो आणि भाव बोलतो. पांढरी वाइनही अशीच पारखायची असते! मुरलेल्या उत्तम जर्मन रिस्लिंगला मधाबरोबर रॉकेलसारखा वास येतो आणि जाणकार त्याला गुण म्हणतात, हे कबूल. पण बहुतेक पांढऱ्या वाइन ताज्या असतानाच प्याव्यात. सांगलीच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटली सोनेरी नव्हे, तपकिरी होते. तरी पाहुणे लेबल वाचून माना डोलावतात! अहो, साताऱ्याचा कंदी पेढा कुणी जुना बघून घेतो का? द्राक्षं पिकवणाऱ्या मुलखानं तरी आपल्या जिभेवर भरवसा ठेवावा. साल बघायची ती द्राक्षाची, बाटलीचं कशाला?