यादीत नाव कुणाचे?

मार्च २०१४ ची गोष्ट. भिवंडीत निवडणुकीची हवा होती. दोनच दिवसांपूर्वी जवळच्या सोनाळे गावी राहुल गांधींची ती सभा झाली होती, जिच्यातल्या एका विधानाचा खटला पुढे आमच्या भिवंडी कोर्टात वर्षानुवर्षे चालला. ८ तारखेला, शनिवारी सकाळी मी वंजारपट्टी नाक्याजवळच्या हॉटेलात चहा घेत होतो. टीव्हीवर बातमी आली की क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशियन विमान रात्री नाहीसे झाले, आत २३९ माणसे. शेजारी लूमचा कारखाना असलेले एक ओळखीचे चाचा बसले होते. विमान कुठे गेले असेल, हे त्यांनी विचारलेच नाही. हळूच म्हणाले, "किसी का नाम आया क्या?"

हा प्रश्न ज्याला समजावून सांगावा लागत नाही, तो आमच्यातला. कुठे स्फोट झाला, विमान पडले, रेल्वे घसरली की आमच्या गल्लीत मृतांच्या आकड्याआधी संशयिताच्या नावाची वाट पाहिली जाते. नाव आपल्यातले नसले म्हणजे सुटकेचा श्वास. असा श्वास सोडल्याची मला प्रत्येक वेळी लाज वाटते, कारण तोपर्यंत मेलेल्यांसाठी दुआ करायची राहून गेलेली असते.

त्या वेळी नाव यायला एक दिवसही लागला नाही. दोन प्रवासी चोरीच्या पासपोर्टवर चढल्याचे कळले, एक पासपोर्ट इटलीचा, दुसरा ऑस्ट्रियाचा. दोघे इराणी तरुण निघाले. रूपर्ट मर्डॉकसारख्या माध्यमसम्राटाने तर ९ मार्चलाच ट्वीट करून जिहादी चीनकडे वळल्याचा निकाल देऊन टाकला. इंटरपोलने दोन दिवसांत सांगितले की हे दहशतवादी दिसत नाहीत. ती युरोपात आसरा शोधत निघालेली पोरे होती, त्यातला एक तर अवघा १९ वर्षांचा. पण मर्डॉकचे ट्वीट जितके फिरले, तितका हा खुलासा फिरला नाही.

मग १५ मार्च उजाडला. अमेरिकेचे माजी उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टॅलबट यांनी लिहिले की दिशा, इंधन आणि पल्ला पाहता भारतातल्या एखाद्या शहरावर ९/११ सारखा हल्ला करण्याचा बेत असावा, असा काहींना संशय आहे. 'काहींना' म्हणजे कोणाला, याचा पत्ता नाही. आपल्या वाहिन्यांना एवढेही पुष्कळ झाले. विमानाचा कप्तान झहारी अहमद शाह, ५३ वर्षांचा, १८ हजारांहून अधिक तासांचा अनुभव. त्याचे नावच पुरेसे पुरावा ठरले.

इथे मला घाईने एक गोष्ट मान्य करायला हवी. कप्तानावर संशय घेणे चूक नव्हते. विमान मुद्दाम वळवलेले दिसत होते, आणि त्याच्या घरातल्या सिम्युलेटरवर हिंदी महासागराच्या दक्षिणेकडे जाणारा मार्गही सापडला. तपास करणाऱ्याने हे विचारलेच पाहिजे. आक्षेप आहे तो दुसऱ्या प्रश्नांना: तो नमाज पढायचा का, कुठल्या पक्षाचा होता, दाढी होती का. जुलै २०१८ मध्ये मलेशियाचा ४९५ पानांचा अहवाल आला. त्याच्या वागण्यात काही वावगे आढळले नाही, तिसऱ्या कोणाचा हात नाकारता येत नाही, आणि कारण सांगता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. चार वर्षांच्या तपासानंतर तज्ज्ञ 'सांगता येत नाही' म्हणतात आणि आमचा वार्ताहर चौथ्या दिवशी खात्रीने सांगतो!

वैमानिकाचे शेवटचे शब्दसुद्धा आधी चुकीचेच छापून आले होते. 'ऑल राइट, गुड नाइट' या तीन-चार शब्दांवरून लोकांनी त्याचे मन वाचले. महिनाअखेरीस ध्वनिमुद्रणाची नक्कल प्रसिद्ध झाली तेव्हा कळले की तो 'गुड नाइट, मलेशियन थ्री सेव्हन झिरो' म्हणाला होता.

आता आपल्या घरचे बघू. त्याच दिवसांत भिवंडीच्या मोबाइलवर दुसरीच कहाणी फिरत होती. विमान अमेरिकेने दिएगो गार्सियाच्या तळावर उतरवून घेतले, नाहीतर इस्रायलने तसेच दुसरे विमान हँगरमध्ये तयार ठेवले आहे. चाचांनी मला ती मोठ्या समाधानाने दाखवली. मी विचारले, पुरावा काय? ते म्हणाले, त्यांच्याकडे तरी कुठे आहे? उत्तर बिनतोड होते आणि तितकेच चुकीचेही. बातमी आली तर खातरजमा करा, आणि बदगुमानीपासून दूर राहा, ही सूरह हुजुरातची शिकवण आम्ही जुम्याच्या बयानात कितीदा ऐकली आहे. ती फक्त समोरच्याला लागू आहे असे आम्ही धरून चालतो, त्याला काय करणार?

मुंबईला हे नवीन नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला उडालेले एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. माझे एक मामू त्याच महिन्यात दुबईला जायचे होते, नानी त्यांना सोडेना. गल्लीत सगळे म्हणत होते, बॉम्बच असणार. तशी शंका सुरुवातीला इतरत्रही होतीच. तपासात निघाले ते असे: विमानाचा कल दाखवणारे कप्तानासमोरचे उपकरण बिघडले, खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, त्यामुळे विमान कुठे झुकले आहे याचा त्याला भ्रम झाला.

आणि जिथे खरोखर घातपात होता, तिथे सुरक्षेचा धडा कोणता मिळाला? १९८५ मध्ये 'कनिष्क'मध्ये ३२९ जीव गेले. बॉम्बची बॅग विमानात चढली आणि तिचा मालक चढलाच नाही. धडा होता बॅग आणि प्रवासी जुळवण्याचा. मलेशियाच्या प्रकरणातही तसेच. चोरीच्या पासपोर्टची यादी इंटरपोलकडे २००२ पासून आहे, दोन्ही पासपोर्ट त्या यादीत होते, फक्त कोणी पाहिले नाही. अंदमानातली आपली रडारे गरजेपुरतीच चालवली जातात, असे तेव्हा तिथल्या एका नौदल अधिकाऱ्यानेच सांगितले होते. यावर किती चर्चा झाली? २००१ नंतर कॉकपिटचे दार बाहेरून उघडू नये असे मजबूत केले. २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने त्याच दाराआडून कप्तानाला बाहेर ठेवले आणि १५० माणसांसह विमान डोंगरावर घातले. सुरक्षा ही अशी किचकट, कंटाळवाणी गोष्ट आहे. नाव वाचून माणसाला बाजूला काढणे त्यापेक्षा सोपे पडते. विमानतळावर मीही असा बाजूला काढला गेलो आहे. 'रँडम चेकिंग' असे त्याचे नाव, आणि ते नेमके माझ्याच वाट्याला येते.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळले. त्या दिवशीही आधी संशय तुर्की कंपनीवर गेला, एका नामवंत योगगुरूंनी तो जाहीर बोलून दाखवला. त्या विमानाची देखभाल आमच्याकडे नव्हती, असे तुर्कस्तानला सांगावे लागले. मग जुलैत प्राथमिक अहवाल आला, इंधनाचे स्विच बंद झाल्याचे कळले आणि सगळ्या नजरा पवईच्या कप्तानाकडे वळल्या. त्याचा खासगीपणा, मनःस्थिती, सगळे चघळून झाले. त्याच्या वृद्ध वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. त्याचा धर्म मात्र कोणी काढला नाही, आणि ते योग्यच झाले. झहारीच्या घरच्यांना एवढे तरी मिळायला हवे होते.

त्या हरवलेल्या विमानात पाच भारतीय होते, त्यात पुण्या-मुंबईची मराठी माणसेही. त्यांची नावे त्या सकाळी हॉटेलात कोणी विचारली नाहीत. मीही नाही.