‘शेजारीण’ या शब्दाचा अर्थ : एका फ्रेंच चित्रपटाच्या निमित्ताने

समलिंगी प्रेमाचे चित्रण करणारी एखादी कलाकृती चांगली वठली की तिच्याविषयी एक ठराविक विधान केले जाते : ही गोष्ट दोन स्त्रियांची वा दोन पुरुषांची नसून केवळ ‘प्रेमाची’ आहे, ती वैश्विक आहे. या विधानामागे सद्‌भाव असतो यात शंका नाही. परंतु समीक्षाव्यवहारात सद्‌भावाने केलेली गफलत ही दुष्टाव्याने केलेल्या गफलतीपेक्षा अधिक काळ टिकते. फिलिप्पो मेनेगेत्ती या इटालियन दिग्दर्शकाचा ‘दो’ (२०१९) हा फ्रेंच चित्रपट या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे. २०२१ साली उत्कृष्ट पहिल्या चित्रपटाचा सेझार पुरस्कार त्याला लाभला, आणि त्याची प्रशंसाही पुष्कळदा याच ‘वैश्विक’ परिभाषेत झाली.

चित्रपटाच्या नावापासूनच आरंभ करणे उचित ठरेल. फ्रेंचमधील ‘दो’ म्हणजे दोन. त्या संख्यावाचकाला लिंग नाही. कोण दोन, हे त्यातून कळत नाही. मराठीत या नावाचे भाषांतर करू पाहणाऱ्याची मोठीच अडचण होते. ‘दोघे’ म्हणावे तर खोटे, ‘दोघी’ म्हणावे तर जे लपवायचे तेच प्रथम उघड होते. नायिकांनी आयुष्यभर जे साधले ते फ्रेंच शीर्षकाने एका शब्दात साधले आहे, असे म्हणता येईल.

नीना आणि मादलेन या दोघी वयस्क स्त्रिया एकाच मजल्यावर समोरासमोरच्या सदनिकांत राहतात. मादलेन विधवा, एका मुलीची व एका मुलाची आई, आता आजीही. नीना मूळची जर्मन. जगाच्या लेखी त्या शेजारणी. वस्तुतः कित्येक वर्षांच्या सहचारिणी. मादलेनचे घर हेच दोघींचे घर असून नीनाचे बिऱ्हाड हा निव्वळ देखावा आहे. घर विकून रोमला जाऊन राहायचे, असा दोघींचा बेत ठरतो. त्यासाठी मुलांना सत्य सांगणे भाग असते. वाढदिवसाच्या जेवणाच्या वेळी मादलेन ते सांगू पाहते, आणि तिच्याच्याने सांगवत नाही. त्यानंतर तिला पक्षाघाताचा झटका येतो व तिची वाचा जाते. जे बोलायचे राहिले ते आता बोलताच येणार नाही.

येथे मिखाएल हानेके यांच्या ‘आमूर’ (२०१२) या चित्रपटाचे स्मरण अपरिहार्य आहे. तेथेही वृद्ध जोडपे आहे, सदनिका आहे, पत्नीला पक्षाघात आहे आणि बाहेरून येणारी मुलगी आहे. पण तेथे शुश्रूषेचा अधिकार पतीकडे आहे, इतका निःशंकपणे की मुलगी भेटीस आली असता तो आजारी पत्नीच्या खोलीला कुलूप घालतो. मुलगी चिडते, रडते. परंतु या म्हाताऱ्याला तो हक्क कोणी दिला, असा प्रश्न ना तिला पडत, ना प्रेक्षकाला. ‘दो’मध्ये हा संबंध पूर्णतः उलटा आहे. घर मुलीच्या ताब्यात जाते. मादलेनच्या सोबतीला पगारी बाई ठेवली जाते आणि जिने त्या घरात आयुष्य काढले ती नीना स्वतःच्या दाराच्या भिंगातून समोरचे दार न्याहाळत उभी राहते. रात्री ती चोरून आत शिरते ती स्वतःच्याच शय्येकडे. दुःख एकच, व्याधी एकच, वयही जवळपास एकच. असे असता एका चित्रपटाचे रूप शोकनाट्याचे होते आणि दुसऱ्याचे रहस्यपटाचे. दुसऱ्याच्या रूपाचा उगम लपवणुकीत आहे. ती वगळून उरणाऱ्या ‘वैश्विक’ प्रेमाला भिंगातून पाहण्याची गरजच पडली नसती.

लपवणूक ही केवळ कायद्याच्या भयातून येते, हा समजही येथे टिकत नाही. फ्रान्समध्ये १७९१च्या दंडसंहितेतूनच समलिंगी संबंधांचा गुन्हा वगळला गेला होता. १९४२ साली विशी राजवटीने संमतिवयाच्या बाबतीत केलेला भेदभाव १९८२मध्ये रद्द झाला. १९९९मध्ये नागरी सहजीवन कराराची आणि २०१३मध्ये विवाहाची वाट मोकळी झाली. या दोघींना हे सर्व उपलब्ध होते. पण कायद्याकडे जायचे तर प्रथम स्वतःचे नाते उच्चारावे लागते, आणि मादलेन अडते ती तेथेच. तिला भय न्यायाधीशाचे नाही; जेवणाच्या मेजाभोवती बसलेल्या मुलांचे आहे. वडिलांविषयीचा जुना सल बाळगणाऱ्या मुलापुढे आपले निम्मे आयुष्य खोटे होते असे कोणती आई सहज म्हणू शकेल? तिला भित्री ठरवण्याची घाई चित्रपट करीत नाही. नीना मात्र रागाच्या भरात ती करते, आणि तो राग तिला पुढे छळत राहतो.

मराठी वाचकाला या ठिकाणी विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) आठवेल. तेथील मित्रा तरुण आहे, तिची कथा बापू या पुरुष मित्राच्या निवेदनातून आपल्यापर्यंत येते आणि तिचा शेवट मृत्यूत होतो. नाटकाचे मोठेपण निर्विवाद आहे. तथापि अशा पात्राला वार्धक्य लाभू शकते, त्याला गुडघेदुखी, औषधे, घराच्या किमती असा संसार असू शकतो, याची कल्पना त्या चौकटीत संभवत नव्हती. मेनेगेत्ती ही शक्यता गृहीत धरून आरंभ करतात. बार्बरा सुकोवा आणि मार्तीन शेव्हालिए यांच्या अभिनयात वृद्ध देहांविषयी संकोच नाही की प्रदर्शनही नाही. विशेषतः वाचा गेल्यानंतर शेव्हालिए केवळ दृष्टीने जे सांगतात ते कोणत्याही संवादाहून स्पष्ट आहे.

चित्रपटाचा एक दोष मात्र नोंदवलाच पाहिजे. शुश्रूषेसाठी ठेवलेली बाई ही पोटासाठी काम करणारी स्त्री. नीनाच्या कारस्थानामुळे तिचे काम जाते. चित्रपट तिला जवळजवळ खलपात्राच्या जागी बसवतो आणि प्रेमिकांच्या बाजूने सहानुभूतीचे पारडे झुकवून मोकळा होतो. ज्याला अदृश्य माणसांविषयी बोलायचे आहे त्याने दुसरे एक माणूस इतक्या सहजपणे अदृश्य करावे, हे खटकते. रहस्यपटाच्या युक्त्यांची ही किंमत आहे. मुलगी आन हिच्या बाबतीत ही चूक झालेली नाही. लेआ द्रुकेर यांनी रंगवलेली आन क्रूर नाही; जुनी छायाचित्रे पाहून तिला जे उमगते त्याने तीच प्रथम कोसळते. आपल्या आईचे आयुष्य आपल्याला ठाऊकच नव्हते, हा धक्का तिला द्वेषाहून अधिक अपमानाचा वाटतो आणि त्यातूनच आईला शुश्रूषागृहात ठेवण्याचा निर्णय येतो.

अखेरीस नीना मादलेनला तेथून पळवून घरी आणते. दोघी एका जुन्या इटालियन गाण्यावर हळूहळू नाचतात. दाराबाहेर आन उभी आहे, दार ठोठावते आहे. ‘आमूर’मधील पतीला जे पहिल्या दिवसापासून मिळालेले होते, आतून दार लावून घेण्याचा तो हक्क या दोघींना चित्रपटाच्या शेवटच्या काही मिनिटांपुरता मिळतो. पुढे काय होणार हे दिग्दर्शक सांगत नाही. आन ‘मला कळले नव्हते’ अशा अर्थाचे काही म्हणते. ते आत ऐकू जाते की नाही, हेही निश्चित करता येत नाही.