आधी जमीन, मग खत

पीक पिवळे पडले की खताचे पोते उघडावयाचे, ही सवय आता देशभर रूढ झाली आहे. पिकाची उपासमार होत आहे, एवढाच अर्थ त्या पिवळेपणातून काढला जातो. परंतु पानात वाढलेले अन्न घशाखाली उतरतच नसेल, तर आणखी वाढून काय साधणार? आम्लधर्मी जमिनीतील पिकांची अवस्था अशीच असते. अशा जमिनीला प्रथम चुना लागतो आणि नंतर खत. हा क्रम उलटला की शेतकऱ्याचा पैसा वाया जातोच, शिवाय जमीनही बिघडत जाते. क्लोव्हर नावाचे चाऱ्याचे पीक हे सत्य फार स्पष्टपणे दाखवून देते.

क्लोव्हर ही तीन पर्णिकांचे पान असलेली द्विदल वनस्पती आहे. युरोपातील कुरणांत तिचे लाल आणि पांढऱ्या फुलांचे प्रकार पिढ्यान्‌पिढ्या वाढत आले आहेत. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश या राज्यांत दुभत्या जनावरांना घातले जाणारे बरसीम हे तिचेच भावंड होय. द्विदल पिकाचा बेवड पुढच्या पिकाला मानवतो, हे मराठी शेतकरी अनुभवाने जाणतो. त्यामागील कारण हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये जगापुढे मांडले. मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, असे त्याने प्रयोगांनी दाखविले.

परंतु जमीन आंबट झाली की या जिवाणूंचे काम मंदावते. मातीचा सामू साडेपाचाच्या खाली उतरला म्हणजे ॲल्युमिनिअम विरघळू लागते आणि कोवळ्या मुळांची वाढ खुंटविते. स्फुरद लोह व ॲल्युमिनिअम यांच्याशी जखडून बसते. नत्र बांधण्यासाठी जिवाणूंना अत्यल्प प्रमाणात लागणारे मॉलिब्डेनमही दुर्मीळ होते. हे सारे मातीत असते, पण रोपाच्या हाती लागत नाही. चुना ही कोंडी फोडतो. तो आम्लता कमी करतो, ॲल्युमिनिअमला निष्प्रभ करतो आणि अडकलेली द्रव्ये मोकळी करतो.

इंग्लंडमधील रोथॅम्स्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगवेगळे खत देण्यास आरंभ केला. तो प्रयोग आजही चालू आहे. ज्या तुकड्यांवर वर्षानुवर्षे अमोनिअम सल्फेट पडले आणि चुना मात्र पडला नाही, तेथील सामू चारच्याही खाली गेला. क्लोव्हर तेथून नाहीसे झाले आणि मोजक्याच जातींचे गवत उरले. याउलट नत्र न देता स्फुरद व पालाश दिलेल्या तुकड्यांवर द्विदल वनस्पती भरभरून वाढल्या. १९०३ पासून बहुतेक तुकड्यांच्या अर्ध्या भागाला नियमित चुना देण्यात आला आणि एकाच तुकड्याच्या दोन अर्ध्यांतील वनस्पतींमध्ये फरक दिसू लागला.

हा धडा परदेशापुरता नाही. हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथे आम्लधर्मी जमिनीवर मका आणि गहू यांचा दीर्घकालीन प्रयोग १९७२ पासून चालू आहे. तेथे केवळ नत्रखत मिळालेल्या तुकड्यांचे उत्पन्न घसरत गेले आणि अखेर पीक जवळजवळ हाती येईनासे झाले. नत्र, स्फुरद व पालाश यांच्या जोडीला चुना किंवा शेणखत मिळालेल्या तुकड्यांनी मात्र उत्पन्न टिकविले. भारतात सुमारे ४ कोटी ९० लक्ष हेक्टर जमीन आम्लधर्मी मानली जाते. ईशान्येकडील राज्ये, झारखंडचे पठार, केरळ, कोकण आणि गोवा यांचा तीत मोठा वाटा आहे. या प्रदेशांतील शेतकऱ्याला पालमपूरचा अनुभव दूरचा वाटू नये.

तरीही चुना मागे का पडतो? तो जड असतो, वाहून नेण्यास महाग पडतो आणि सावकाश काम करतो. पेरणीपूर्वी काही आठवडे तो मातीत चांगला मिसळावा लागतो. युरियाने आठवडाभरात हिरवेपणा दिसतो, चुन्याने तसे काही दिसत नाही. युरियाला सरकारी अनुदानाचे पाठबळ आहे, चुन्याला तितके नाही. त्यातच जमीन एका हंगामापुरती खंडाने मिळालेली असेल, तर अनेक हंगाम फळ देणारा चुना दुसऱ्याच्या रानात कोण घालील? कसणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत जमीन सुधारण्याचा उपदेश कोरडाच राहील. म्हणून खताइतकेच साहाय्य चुन्यालाही मिळणे न्यायाचे आहे.

अर्थात चुना हा रामबाण उपाय नव्हे. दख्खनच्या अनेक काळ्या जमिनींत चुनखडी मुळातच भरपूर असते. तेथे चुना घातल्यास लोह व जस्त पिकाला मिळेनासे होतात. बरसीम पिकविणाऱ्या उत्तरेकडील बहुतेक मैदानी जमिनींनाही त्याची गरज नाही. सामू सारखा असला तरी हलक्या वाळूसर जमिनीला चुना कमी लागतो, तर भारी चिकण जमिनीला अधिक. चुना बापाला श्रीमंत करतो आणि मुलाला दरिद्री, अशी एक जुनी म्हण युरोपात आहे. शेणखत व इतर खतांवाचून नुसता चुनाच घालीत राहिल्यास जमिनीतील साठा उपसला जातो, हा तिचा अर्थ.

यासाठी माती तपासणे ही पहिली पायरी ठरते. देशात २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. त्या पत्रिकेत सामूचा आकडा असतो, परंतु तो वाचून खताचा निर्णय बदलला नाही, तर पत्रिका केवळ कागद ठरते. वैद्य आधी नाडी पाहतो आणि मगच औषध देतो. जमिनीच्या बाबतीत एवढा धीर दाखविला, तर खत कमी लागेल, चारा अधिक मिळेल आणि पुढच्या पिढीच्या हाती पडणारी जमीन सकस असेल.