घरगुती कलाकौशल्य : किल्ल्यावरील मावळ्यांचा उडालेला रंग

दिवाळी जवळ आली कीं घरोघरीं माळ्यावरची पेटी खालीं येते. मुलें अंगणांत दगडमातीचा किल्ला रचूं लागतात आणि वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेविलेले मातीचे मावळे, तोफा व घोडेस्वार एकेक बाहेर निघतात. छत्रपती संभाजीनगरांतील मुकुंदवाडीस आमच्या घरीं मात्र यंदां पेटी उघडण्याचें कारण पडलें नाहीं. आल्यागेल्यास दिसावें म्हणून गेलीं दोन वर्षें हें सैन्य आम्हीं दिवाणखान्यांत पश्चिमेच्या खिडकीसमोर, काचेच्या कपाटांत मांडून ठेविलें होतें. किल्ल्यासाठीं तें बाहेर काढलें तों मावळ्यांचे गुलाबी शेले पांढुरके झालेले आणि घोड्यावरची जांभळी झूल राखेसारखी दिसूं लागलेली!

हें सैन्य आमच्या कैलासवासी काकांनीं एकेका सुटीच्या दिवशीं स्वतः रंगविलेलें. धाकट्या पुतण्यानें लागलीच कुंचला घेतला व “रात्रींतून सगळे नवे करून टाकतों” असें सांगितलें. काकूंनीं मात्र “तुझ्या आजोबांच्या हातचें आहे तें, हात लावूं नकोस,” म्हणून तबक आपल्याकडे ओढून घेतलें. दोघांचें म्हणणें ऐकतां आम्हांस वाटलें कीं, रंगवावें कीं न रंगवावें हा प्रश्न दुसरा. रंग गेला कशानें हा प्रश्न पहिला. रोग ओळखल्यावांचून औषध देण्याची घाई वैद्यानें करूं नये, तशी ती कुंचलेवाल्यानेंहि करूं नये.

प्रथम मऊ कोरड्या कुंचल्यानें धूळ झाडावी. फिकेपणाचा बराच भाग केवळ धुळीचा असतो. ओलें फडकें मात्र कदापि लावूं नये. पोस्टरच्या रंगांत डिंकासारखें चिकटद्रव्य असतें व तें वाळल्यावरहि पाण्यांत सुटतें. नंतर तीन ठिकाणीं पाहावें. घोड्याच्या पोटाखालीं, ढालीच्या मागें अथवा शेल्याच्या घडींत रंग ताजा असून वरील बाजूसच फिका असेल, तर तें काम प्रकाशाचें. बोट फिरवितांच रंगाची भुकटी लागत असेल, तर रंगांत पाणी अधिक पडून चिकटद्रव्य दुबळें झालें आहे. आणि सर्वांगावर दुधाळ पापुद्रा किंवा पिवळट झांक दिसत असेल, तर दोष रंगाचा नसून वरच्या रोगणाचा आहे. पावसाळी दमट हवेंत रोगण दिल्यास हवेंतील ओलावा त्यांत अडकतो व दुधाळपणा येतो. कोरड्या दिवशीं पातळसा दुसरा हात दिल्यानें तो कित्येकदां जातो. परंतु त्याचा प्रयोग आधीं तळाशीं करावा.

आमच्या घोड्याच्या पोटाखालीं जांभळा रंग जसाच्या तसा होता. अपराधी खिडकी ठरली, आणि तेथें कपाट ठेवणारे आम्हीच होतों! काच उन्हांतील अतिनील किरणांचा कांहीं भागच अडविते. शिवाय दिसणारा प्रकाशहि रंग उडवितो. इंग्लंडांत कॅप्टन ॲब्नी व डॉ. रसेल यांनीं जलरंगांवर प्रयोग करून इ. स. १८८८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतांत प्रकाश, हवा व ओलावा यांच्या संयुक्त कारभारानेंच बहुतेक रंग उडतात, असें दाखविलें. संग्रहालयांत नाजुक रंगांच्या वस्तूंवर सुमारें ५० लक्स इतकाच प्रकाश ठेवितात; भर उन्हाचा प्रकाश एक लाख लक्सच्या घरांत जातो. असा गेलेला रंग कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं.

“मग वरून रोगण द्यावें,” ही सूचना लगेच येते. साधें रोगण प्रकाश अडवीत नाहीं. आणि अविचारानें दिलेलें रोगण काय करितें याचा दाखला आमच्याच जिल्ह्यांत आहे. अजिंठ्याच्या चित्रांत काव, पिवळी माती, काजळी, हिरवी माती अशीं टिकाऊ द्रव्यें आहेत. निळ्यासाठीं लाजवर्द हा दगड दूरदेशांहून आणिला होता. लेण्यांतील अंधारानेंहि त्या रंगांस हात दिला. इ. स. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारनें चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून त्यांची दुरुस्ती करविली. त्या वेळीं सुटणारे पोपडे जागीं बसले. परंतु वर दिलेलें लाखेचें रोगण पुढें पिवळें पडलें, आणि तें काढण्यासाठीं पुरातत्त्व खात्यास दीर्घकाळ खपावें लागलें. चित्रकारांचा रंग टिकला. रक्षकांचें रोगण बिघडलें.

याकरितां रंग निवडतांनाच परीक्षा घ्यावी. जाड कागदावर प्रत्येक रंगाचा पट्टा ओढावा, अर्धा भाग काळ्या कागदानें घट्ट झांकावा आणि उन्हाळ्यांत दोन महिने खिडकींत ठेवावा. झांकण काढतांच खरा रंग कोणता व पाहुणा कोणता हें मुलांस न सांगतां कळतें. झगझगीत गुलाबी आणि स्वस्त जांभळे बहुधा पहिल्यानें पळ काढतात. गेरू, काव, पिवळी माती व काळा हे ठाण मांडून राहतात.

आमच्या घरचा निवाडा असा झाला: काकांच्या मावळ्यांवर नवा कुंचला फिरवावयाचा नाहीं. प्रत्येकाच्या आडबाजूस उरलेला मूळ रंग पाहून पुतण्यानें तो वहींत उतरविला आणि त्या टिपणावरून कोऱ्या मातीच्या मावळ्यांचें नवें सैन्य रंगविलें. शेल्यांचा गुलाबी जुळवितांना त्यास चार वेळां रंग पुसावा लागला. पांचव्या खेपेस काकूंनींच “हा बरोबर” म्हणून मान हलविली. यंदां किल्ल्यावर नवे लढले. जुने काकूंनीं आपल्या हातानें कापडांत गुंडाळून अंधाऱ्या कोरड्या पेटींत ठेविले, आणि खिडकींतलें कपाट आम्हीं भिंतीकडे हलविलें.