तारेपूर्वी वाट हवी

कर्जत, नेरळ, खोपोली या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत इमारती ज्या वेगाने उभ्या राहिल्या, त्या वेगाने पाण्याचा वा सांडपाण्याचा विचार झाला नाही, हे तेथे राहणाऱ्यास सांगावयास नको. तक्रारींच्या या गर्दीत भिंतीतल्या तारेचा प्रश्न काढणे काहींना चैनीचे वाटेल. परंतु येथून मुंबईस जाण्यासाठी लोकलमध्ये दोन-दोन तास बसणाऱ्या नोकरदारास आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा मिळाली, तर त्याचे आठ तास वाचतात. ऐन आषाढात तार तुटली की ही मुभा हातची जाते.

आणि तार तुटते, यात नवल नाही. गच्चीवरून गच्चीवर लोंबणारी, विजेच्या खांबाला वेटोळे घालून खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून आत शिरलेली तार, हे येथील नेहमीचे दृश्य आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात असली व्यवस्था किती टिकणार? उघड्यावरची तांब्याची तार तर विजांच्या दिवसांत घरातील उपकरणांनाही धोक्याची.

म्हणून आता नव्या गृहसंकुलांत आणि जुन्या सोसायट्यांच्या सभांत वाद सुरू होतो, तो तार कोणत्या जातीची घालावी याचा. ‘कॅट फाइव्ह-ई’ शंभर मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेते. ‘कॅट सिक्स’ सुमारे पंचावन्न मीटरपर्यंत दहा, आणि ‘सिक्स-ए’ तेच दहा पूर्ण शंभर मीटर. आता दोन खोल्यांच्या घरात तार फार तर वीस मीटर धावणार. तेथे ‘सिक्स-ए’चा आग्रह म्हणजे ओढ्यावर धरणाचे दरवाजे बसविण्यासारखे आहे. नव्या घरात ‘सिक्स’ पुरे. जुन्या घरात ‘फाइव्ह-ई’ असेल तर तिच्यासाठी भिंती फोडू नयेत. जपावयाचे ते भेसळीपासून. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार बाजारात सर्रास मिळते. तिचा रोध अधिक, ती लवकर तुटते, आणि तिच्यातूनच कॅमेऱ्याला वीज पुरविली तर तापते. वायफाय असताना तारच कशाला, असे विचारणाऱ्यांनी काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे तो वायफाय कितपत पोहोचतो, ते पाहावे.

खरा प्रश्न तारेचा नसून तिच्या वाटेचा आहे. ‘फाइव्ह-ई’चे मानक २००१चे, ‘सिक्स’चे २००२चे, ‘सिक्स-ए’ त्या दशकाच्या अखेरीस आली. इमारत मात्र पन्नास वर्षे उभी राहावी, अशी अपेक्षा असते. तेवढ्या काळात कोणती तार येईल याचे भाकीत करण्यापेक्षा तळमजल्यापासून प्रत्येक घरापर्यंत प्रकाशतंतूसाठी, आणि घरात प्रत्येक खोलीपर्यंत, एकेक रिकामी नळी ठेवणे शहाणपणाचे. स्लॅब पडण्यापूर्वी या नळीचा खर्च क्षुल्लक असतो. नंतर छिन्नी, धूळ आणि शेजाऱ्यांशी भांडण. हा भुर्दंड कर्ज काढून नेरळला एका खोलीचे घर घेणाऱ्यालाच सर्वांत जड जातो. घराच्या करारात फरशीचा आकार आणि नळाची जात लिहिलेली असते; या नळीचा उल्लेख मात्र क्वचितच सापडतो.

नळी सामाईक असावी, हेही तितकेच महत्त्वाचे. बिल्डरने एकाच सेवादात्याशी संधान बांधून डक्टला कुलूप घातले, तर उत्तम तारही रहिवाशाला बांधून ठेवते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये इमारतींना त्यांच्या जोडणीनुसार मानांकन देण्याचे विनियम केले. ते स्वागतार्ह असले, तरी मानांकन घेणे ऐच्छिक आहे, आणि जो बिल्डर ऐच्छिक गोष्टी मनापासून करतो त्याला नियमाची गरजही नसते.

खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि तेथली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. आसपासच्या कित्येक वाड्यांत दिवा लागण्यास त्यानंतर अनेक दशके जावी लागली. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, पुढे तिचे ‘भारतनेट’ झाले. परंतु ती तार ग्रामपंचायत कार्यालयाच्या भिंतीपाशी थांबली आणि शेजारची शाळा वा आरोग्य उपकेंद्र कोरडेच राहिले, तर तोच इतिहास पुन्हा घडेल. शाळेची नवी खोली बांधताना पायातून एक नळी काढून ठेवण्यास कोणती मोठी योजना लागते?

कर्जत व खोपोलीच्या नगरपरिषदांनी यापुढे नकाशे मंजूर करताना सामाईक नळीची अट घालावी. त्यासाठी नियमावलीत आधार नसेल, तर तो शासनाकडून मागून घ्यावा. पावसाळ्यात मंदावलेली बांधकामे दसऱ्यानंतर पुन्हा वेग घेतात. अट घालावयाची ती त्याआधीच.