राउटर कोणाच्या हुकमतीत असावा?

जबलपूर शहरातील विजय नगर ह्या वस्तीत एखाद्या बँकेच्या शाखेत मनुष्य पैसे काढावयास गेला, म्हणजे त्याचे लक्ष खिडकीपलीकडील कारकुनाकडे असते. आतल्या खोलीत, लोखंडी कपाटात, पंख्याचा बारीक आवाज करीत जे यंत्र रात्रंदिवस चालू असते त्याची त्याला वार्ताही नसते. परंतु त्याचे खाते त्या शाखेत नाही. ते दूरच्या एखाद्या शहरातील संगणकावर आहे, आणि तेथवर निरोप नेऊन उत्तर परत आणण्याचा मार्ग हे कपाटातील यंत्रच ठरविते. ह्या यंत्रास राउटर म्हणतात. ते बंद पडले, की कारकून, तिजोरी व ग्राहक हे सर्व जागच्या जागी असूनही बँक मात्र नसल्यासारखी होते.

राउटरचे काम समजण्यास रेल्वे टपाल सेवेचे उदाहरण पुरेसे आहे. जबलपूरच्या स्थानकावर नागपूरचे पत्र इटारसीकडील थैलीत पडते, प्रयागराजचे पत्र कटनीकडील थैलीत पडते. छाटणी करणारा मनुष्य पत्र उघडीत नाही, केवळ पत्ता वाचतो व पुढचा मुक्काम ठरवितो. राउटरही निरोपाच्या प्रत्येक पाकिटावरील पत्ता पाहतो, आपल्याजवळील मार्गांच्या कोष्टकात तो शोधतो आणि योग्य त्या तारेवर पाकीट लोटून देतो. संपूर्ण इंटरनेटचे कोष्टक बाळगणाऱ्या मोठ्या राउटरच्या ठायी आज सुमारे 10 लाख मार्गांची नोंद असते. शाखेतील लहान यंत्राला इतक्या नोंदींची गरज नसते. त्याला घराबाहेर पडण्याची एकदोन दारे ठाऊक असली, म्हणजे पुरे.

येथवर सर्व सरळ आहे. घोटाळा पुढे आहे. हे यंत्र तीन गोष्टींचे मिळून झालेले असते. एक त्याचा देह, म्हणजे पेटी, वीजपुरवठ्याचे भाग, पंखे, तारा जोडावयाच्या पट्ट्या. दुसरी त्याची आज्ञावली. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे परवाना. ज्याने पैसे मोजून पेटी विकत घेतली तो पेटीचा धनी झाला ह्यात शंका नाही. परंतु आज्ञावली त्याची होत नाही, ती वापरण्याची मुभा तेवढी त्याला मिळते. आणि त्या मुभेच्या मर्यादा परवान्यात लिहिलेल्या असतात. खरेदीच्या फायलीत पेटीची किंमत ठळक असते. परवान्याची मुदत व अटी मात्र शेवटच्या पानावर बारीक टाइपात पडून राहतात.

सिस्को ह्या अमेरिकन कंपनीने 2009 साली शाखा-कार्यालयांसाठी राउटरांची एक नवी मालिका बाजारात आणली. तिच्यात सर्व ग्राहकांना एकच आज्ञावली दिलेली होती. सुरक्षेची साधने, दूरध्वनीची साधने, सगळी यंत्रात आधीच भरलेली, पण कुलूपबंद. ज्याने ज्या कुलपाची किल्ली विकत घेतली त्याच्यापुरते ते उघडावयाचे. एखाद्याने घर विकावे, चार खोल्या बांधून द्याव्या आणि दोन खोल्यांची किल्ली स्वतःजवळ ठेवावी, त्यातला हा प्रकार होय. सुरक्षेचा साधा परवाना घेतला तरी कूटबद्ध वाहतूक एका दिशेने 85 मेगाबिट प्रतिसेकंद आणि सुरक्षित बोगदे 225 ह्यांपलीकडे जात नसत. ही मर्यादा धातूची वा विजेची नव्हती. ती अमेरिकेच्या निर्यात-कायद्याची होती. त्याहून अधिक वेग हवा असल्यास वेगळा परवाना काढावा लागे. परक्या देशाचा कायदा अशा रीतीने येथल्या कपाटातील पेटीत येऊन बसतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कंपनीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते ऐकून घेतले पाहिजे. दहा प्रकारच्या आज्ञावल्या तयार करून त्यांची निगा राखण्यापेक्षा एकच आज्ञावली राखणे स्वस्त व निर्धोक असते. लहान कार्यालयाने मोठ्या कार्यालयाच्या सोयींचे पैसे का द्यावेत, हा प्रश्नही वाजवी आहे. आज्ञावली रचणाऱ्यांचे श्रम फुकट नाहीत. परवान्याच्या कल्पनेवर म्हणून आक्षेप घेता येत नाही. आक्षेप आहे तो एवढ्यावरच, की विकत घेणाराला आपण काय घेतले आणि कितीपत घेतले ह्याचा पत्ता बहुधा लागत नाही. आणि सार्वजनिक संस्थेच्या बाबतीत हे अज्ञान जनतेच्या पैशाने विकत घेतलेले असते.

ह्या अज्ञानाची किंमत एखादे वेळी एकदम वसूल होते. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी ह्या कंपनीवर निर्बंध घातले. हिचे मुख्य कार्यालय मुंबईत, तेलशुद्धीचा कारखाना गुजरातेतील वाडीनार येथे, आणि भांडवलात रशियाच्या रॉसनेफ्ट कंपनीचा सुमारे 49 टक्के वाटा. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा अचानक थांबविल्या. परवान्यांचे पैसे भरलेले असूनही आपल्याच पत्रव्यवहारापर्यंत आपण पोहोचू शकत नाही, अशी तक्रार घेऊन नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली; त्यानंतर थोड्याच दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. हे प्रकरण राउटरचे नव्हते, आणि निर्बंध योग्य की अयोग्य हा राजकारणाचा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. परंतु ज्या परवान्याची दोरी दुसऱ्याच्या हाती आहे, ती दोरी कराराबाहेरच्या कारणानेही ओढली जाऊ शकते, हे त्यावरून दिसले. राउटरांचे परवानेही अलीकडे त्याच दिशेने चालले आहेत. पूर्वी परवान्याची किल्ली यंत्राच्या क्रमांकाशी बांधून यंत्रातच ठेवलेली असे. आता पुष्कळ राउटर आपल्या वापराचा हिशेब वेळोवेळी निर्मात्याच्या दप्तरी पाठवितात.

यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेली किल्लीही काही निर्वेध नव्हती. विजय नगरातील एखाद्या रुग्णालयाचा राउटर वळवाच्या वादळात वीज पडून जळाला असे समजा. दुसरे यंत्र त्याच दिवशी मिळाले, पण किल्ली जळालेल्या यंत्राच्या क्रमांकाची. ती नव्या यंत्राच्या नावे करून घेण्यासाठी निर्मात्याच्या खात्यात शिरावे लागते. ते खाते कोणाच्या नावे आहे? पुष्कळदा ते रुग्णालयाच्या नावे नसून यंत्र पुरविणाऱ्या दुकानदाराच्या नावे असते. आणि दुकानदाराने दोन वर्षांपूर्वी धंदा बदललेला असतो!

सगळा दोष परदेशी कंपन्यांच्या माथी मारून मोकळे होणे मात्र सोपे आणि चुकीचे आहे. ऑक्टोबर 2023 मधील उदाहरण घ्या. सिस्कोच्या राउटरांवर चालणाऱ्या आज्ञावलीत एक भयंकर छिद्र सापडले. कसलीही ओळख न देता परक्या माणसाला यंत्राचा सर्वाधिकार मिळे. 16 तारखेला इशारा निघाला, सुधारित आज्ञावली 22 तारखेपासून मिळू लागली. तोवर जगभर हजारो राउटर चोरांच्या ताब्यात गेले होते. अशा दुरुस्त्या परवानाधारकांना विनामूल्य मिळतात. येथे पैशाची अडचण नव्हती. अडचण ही, की आपल्याजवळ कोणते राउटर आहेत, कोठे आहेत आणि त्यांवर कितव्या आवृत्तीची आज्ञावली चालते, हे असंख्य संस्थांना सांगताच येत नव्हते. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. ते कधी आले, कोणी दिले, किंमत काय, हे दाखल नोंदवहीत लिहिलेले असते. लाखभर रुपयांच्या राउटरला तेवढाही मान मिळू नये?

ज्याला यंत्र सांभाळावयाचे आहे त्याने आणखी एक बारकावा ओळखला पाहिजे. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या राउटरांत मांडणीच्या दोन प्रती असतात. एक चालू मांडणी, जी तात्पुरत्या स्मृतीत राहते. दुसरी आरंभीची मांडणी, जी वीज गेली तरी टिकते. काही राउटरांत पहिलीत केलेला बदल दुसरीत उतरविण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती द्यावयास विसरले तर सर्व काही सुरळीत चालते. आणि चार महिन्यांनी वीज जाऊन आली, की चार महिन्यांचे काम पुसले जाते. करणारा मनुष्य तोवर बदलीवर गेलेला असतो. आज्ञावली बदलतानाही हाच सावधपणा हवा. नवी आवृत्ती यंत्रात मावेल एवढी जागा आहे काय, ती निर्मात्याने दिली तशीच अक्षरशः उतरली काय, हे जुळणी-अंकाने ताडून पाहावे. जुनी आवृत्ती पुसू नये. बदल रात्री करावा, आणि फसला तर किती वाजता माघार घ्यावयाची हे आधी लिहून ठेवावे. शासनाच्या सर्ट-इन ह्या संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या आदेशात यंत्रांच्या नोंदी 180 दिवस राखण्याचे व त्यांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळविण्याचे बंधन घातले आहे. घड्याळाची गोष्ट क्षुल्लक वाटते. पण चोरी झाल्यावर दोन यंत्रांच्या नोंदी एकमेकींशी ताडावयाच्या असतील, तर दहा मिनिटांची चूकही तपास बुडविते.

जबलपूरला ही विद्या परकी नाही. दूरसंचार प्रशिक्षणाची येथील संस्था 1942 पासूनची असून ती आता डॉ. आंबेडकरांच्या नावाने ओळखली जाते. जुन्या यांत्रिक टेलिफोन केंद्रातील कळसूत्र तंत्रज्ञाला उघडून पाहता येई, घासूनपुसून दुरुस्त करता येई. त्याला परवाना विचारणारे कोणी नव्हते. पुढे 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉटने खेड्यांसाठी टेलिफोन केंद्रे रचली, ती विद्याही देशातच राहिली. मार्च 2024 मध्ये बंगळूर येथे 2.4 टेराबिट प्रतिसेकंद क्षमतेच्या देशी राउटरचे उद्घाटन झाले, त्याचे स्वागतच केले पाहिजे. तथापि देशी कंपनीचा परवानाही परवानाच असतो, आणि देशी यंत्रही नोंदवहीवाचून हरवते. लिनक्सवर चालणाऱ्या मुक्त आज्ञावल्यांचा मार्ग लहान महाविद्यालयांस व ग्रंथालयांस खुला आहे. तेथे किल्ली कोणाची हा प्रश्न उरत नाही. पण दुरुस्तीसाठी हाक मारावयास कंपनीही नसते, म्हणून जाणता मनुष्य पदरी असल्याशिवाय ह्या वाटेस जाऊ नये.

सार्वजनिक संस्थेने राउटर मागविताना निविदेत चार ओळी अधिक घालाव्यात. परवान्याचे खाते संस्थेच्याच नावे असावे. मुदत संपली किंवा निर्मात्याशी संपर्क तुटला तरी यंत्राने पाकिटे पोहोचविण्याचे मूळ काम थांबवू नये. सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळतील ते सालासह लिहून द्यावे. आणि जळालेल्या यंत्राच्या जागी आलेल्या यंत्रास परवाना किती तासांत मिळेल, हे विक्रेत्याने मोघम न सांगता आकड्यात सांगावे. हे लिहून देण्यास जो विक्रेता कां-कूं करील त्याची निविदा, ती सर्वांत स्वस्त असली तरी, बाजूला ठेवावी.