इशारा आला होता, त्याचं काय केलंत?



प्रत्येक मोठ्या हल्ल्यानंतर आपल्या मंडळींत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, देशावर संकट आलंय, आता सरकारला प्रश्न विचारू नका. दुसरा तट छातीठोकपणे सांगतो की सरकारला सगळं आधीच ठाऊक होतं, युद्ध हवं होतं म्हणूनच होऊ दिलं. या दुसऱ्या तटात आपले पुरोगामी मित्रही बरेच असतात. माझं म्हणणं असं की हे दोन्ही तट सरकारच्या सोयीचे आहेत. पहिल्याचं उघडच आहे. दुसऱ्याचं जरा समजावून सांगावं लागेल.

आपण राहतो त्या कतारपासूनच सुरुवात करू. २३ जून २०२५ रोजी इराणने अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं डागली. आपल्या घरांपासून हा तळ तासाभराच्या अंतरावरही नाही. पण हल्ल्याआधीच कतारने हवाई हद्द बंद केली होती आणि तळावरची विमानं हलवली गेली होती. कोणीही दगावलं नाही. आगाऊ कळवल्याबद्दल ट्रम्प यांनी इराणचे चक्क जाहीर आभार मानले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ९ सप्टेंबर २०२५ रोजी, इस्रायलने दोह्यात हमासच्या नेत्यांवर हल्ला केला. सहा जण मेले, त्यांत एक कतारी सुरक्षा कर्मचारी होता. आपण कतारला कळवायला सांगितलं होतं, असं व्हाइट हाउसचं म्हणणं. फोन आला तेव्हा स्फोटांचे आवाज ऐकू येत होते, असं कतारचं म्हणणं. एकाच शहराने एकाच वर्षात पाहिलेले हे दोन प्रसंग. एकदा इशारा वेळेवर पोचला, एकदा पोचला नाही. मधल्या साखळीत कोणी काय केलं, हाच खरा प्रश्न आहे.

आता मुंबईकडे या. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. इशारे नव्हते का? होते. माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने ते तपासले. ऑगस्ट २००६ पासून आलेल्या सूचनांमध्ये समुद्रमार्गे हल्ला, एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ला, आत्मघाती हल्ला, या सगळ्या शक्यता होत्या. हल्ल्याआधी ताजला इशारा मिळाला होता, तिथे काही काळ बंदोबस्त वाढवलाही होता, हे रतन टाटांनीच नंतर सांगितलं. म्हणजे माहिती कागदावर होती आणि कागद फाइलमध्ये होता.

पण मग "युद्धासाठी होऊ दिलं" हा सिद्धांत इथे लावून पाहा. भारताने त्यानंतर युद्ध केलंच नाही! विलासराव देशमुख, आर. आर. पाटील आणि शिवराज पाटील यांना पदं सोडावी लागली ती वेगळीच. युद्धाची इच्छा नसतानाही इशारे धूळ खातात, हे मुंबईने १६६ जीव मोजून सिद्ध केलं आहे. त्याला आळस पुरतो, "हे तर रोजचंच" ही वृत्ती पुरते, केंद्र आणि राज्य यांची टोलवाटोलवी पुरते. हे कारस्थानापेक्षा कमी भयंकर आहे असं मला मुळीच वाटत नाही. कारस्थान करणारे निदान बदलता येतात. ही सवय मात्र प्रत्येक नव्या सरकारला वारशात मिळते.

आणि ज्याला युद्ध हवंच असतं, त्याला इशाऱ्याकडे डोळेझाक करण्याची गरजच काय? तो इशारा तयार करतो. ४ ऑगस्ट १९६४ चा टोंकिनच्या आखातातला हल्ला झालाच नव्हता, हे अमेरिकेच्या एनएसएच्या स्वतःच्या इतिहासकाराने लिहून ठेवलं आणि ते २००५ मध्ये जाहीर झालं. २००३ मध्ये इराकवरच्या आक्रमणाची सूत्रं इथूनच, दोह्याच्या वेशीवरच्या अस सैलिया तळावरून हलत होती आणि जगभरच्या पत्रकारांना माहितीही तिथूनच दिली जात होती. ज्या संहारक अस्त्रांच्या धोक्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्यांचे साठे सापडले नाहीत. याच बुश सरकारला ६ ऑगस्ट २००१ रोजी लेखी कळवलं गेलं होतं की बिन लादेन अमेरिकेतच हल्ला करण्याच्या तयारीत आहे. खरा इशारा बाजूला पडला आणि दीड वर्षाने खोट्या इशाऱ्यावर, ११ सप्टेंबरशी संबंध नसलेल्या देशावर फौजा गेल्या. यात ११ सप्टेंबर "घडवून आणल्याचा" पुरावा नाही. पण नाकर्तेपणाचं भांडवल कसं केलं जातं याचा पुरावा ढळढळीत आहे.

कोणी म्हणेल, सरकारचा हेतू कागदावर कधी सापडतो का? बरोबर आहे, सापडत नाही. म्हणूनच हेतूवर सगळी बाजी लावू नका. "तुम्हाला माहीत होतं आणि तुम्हीच होऊ दिलंत" असं म्हटलं की सिद्ध करण्याचा बोजा आपल्या डोक्यावर येतो. सरकार हसतं, वेडे म्हणतं आणि निसटतं. शिवाय अशा अफवांत विष मिसळायला वेळ लागत नाही. त्या दिवशी चार हजार ज्यू कामावर गेलेच नव्हते, ही धादांत खोटी गोष्ट ई-मेलवरून जगभर फिरली, ती "आम्हाला आतली बातमी माहीत आहे" याच थाटात.

त्यापेक्षा जे कागदावर असायलाच हवं ते मागा. इशारा कोणत्या तारखेला आला? कोणाच्या टेबलावर पडला? त्याने काय केलं? काही केलं नसेल तर त्याचं पुढे काय झालं? याची उत्तरं न देणं हीच कबुली समजावी.

कारगिलनंतर वाजपेयी सरकारने २९ जुलै १९९९ रोजी के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली आणि काही भाग गाळून का होईना, अहवाल २००० मध्ये संसदेपुढे ठेवला. पुलवामात १४ फेब्रुवारी २०१९ रोजी ४० जवान गेले, त्यांत आपल्या बुलढाण्याचे दोघे. तेव्हाचे राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी २०२३ मध्ये सांगितलं की जवानांसाठी मागितलेली विमानं नाकारली गेली आणि हे बोलल्यावर आपल्याला गप्प राहायला सांगण्यात आलं. हे खोटं असेल तर खोटं म्हणून सिद्ध करा. पण कारगिलसारखा अहवाल कुठे आहे? बालाकोट झालं, निवडणूक झाली, विषय संपला. पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्राचे सहा. ऑपरेशन सिंदूर पंधरा दिवसांत उभं राहिलं. नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी सुरक्षेतल्या त्रुटीची जबाबदारी जुलैत घेतली आणि ते पदावर राहिले. जबाबदारी "घेतली" म्हणजे नेमकं काय घेतलं?

इस्रायलचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. १९७३ च्या युद्धातल्या गाफीलपणावर त्याच वर्षी अग्रानात आयोग बसला. ७ ऑक्टोबर २०२३ च्या आधी सीमेवर नजर ठेवणाऱ्या तरुण महिला सैनिकांनी वारंवार इशारे दिले होते, ते वरच्यांनी उडवून लावले. गाझा उद्ध्वस्त झालं, पण नेतान्याहू सरकार २०२५ सरेपर्यंत सरकारी चौकशी आयोग टाळतच राहिलं. युद्ध चालू आहे, आता चौकशी कशी, हे त्यांचं उत्तर. चौकशी नको असेल तर युद्ध लांबवणं किती सोयीचं, हे वेगळं सांगायला नको.

भारतात आयबी आणि रॉ यांना जाब विचारणारी संसदेची एकही समिती नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातूनही कलम २४ ने त्यांना बहुतांशी वगळलं आहे. प्रधान समितीलाही केंद्रीय यंत्रणांची चौकशी करण्याची मुभा नव्हती. ब्रिटनमध्ये अशी समिती १९९४ पासून आहे, अमेरिकेत त्याही आधीपासून, आणि तिथले देश काही बुडाले नाहीत. आपल्या खासदाराला पत्र लिहायचं तर हे लिहा: प्रत्येक मोठ्या हल्ल्यानंतर ठरलेल्या मुदतीत स्वतंत्र चौकशी, अहवाल संसदेत, आणि गुप्तचर यंत्रणांवर संसदेची देखरेख.

आखातात राहणाऱ्यांनी तर हे आग्रहाने मागायला हवं. युद्धाचा निर्णय दिल्लीत, वॉशिंग्टनमध्ये, तेहरानमध्ये किंवा तेल अवीवमध्ये होतो आणि क्षेपणास्त्रं आपल्या डोक्यावरून जातात. इशारा पोचला की नाही, हे आपल्याला दरवेळी स्फोटाच्या आवाजावरूनच का कळावं?

आपली मतं जरूर कळवा. विरोधी असतील तर आधी कळवा.